गजभिये बाईंचा गंधार

चहाचा कप हातात आला की गजभिये बाई आधी त्याच्या कडेवर नखानं टिचकी मारायच्या. आवाज ऐकायच्या आणि मगच प्यायच्या. कपाला चीर असली तर ती डोळ्यांना दिसायच्या आधी त्यांना ऐकू यायची. "यशोदा, हा बाजूले ठेव वं, फुटते हा," असं त्या शाळेच्या शिपाईणीला सांगायच्या, आणि यशोदा तो कप मुकाट्यानं बाजूला ठेवायची. पंख्याखाली त्या कधी बसल्या नाहीत. पंख्याची घुरघुर त्यांच्या सा च्या अगदी जवळून जायची, पण सा वर यायची नाही, आणि ते त्यांना सहन होत नसे. दुपारी मिलचा भोंगा झाला की मान वर करून म्हणायच्या, "आज उतरला. वाफ कमी आहे."

सुलोचना गजभिये आमच्या शाळेत संगीत शिकवायला आल्या तेव्हा मी तिथे गणित शिकवत होते. नागपुरातली मुलींची शाळा, साठचं दशक निम्मं सरलेलं. मी हातमागाच्या घरातली, पराते. त्या मिलमजुराच्या घरातल्या. छप्पन साली दीक्षाभूमीवर त्यांच्या सगळ्या घरानं दीक्षा घेतली होती. वडील वस्तीत पेटी वाजवून गायचे. ती पेटी जुनी, तिच्या तीन पट्ट्या मुक्या होत्या. "तिथं आम्ही तोंडानं सूर भरत होतो," बाई सांगायच्या. "म्हणून माये ते तीन सूर सगळ्यात पक्के."

आल्या त्या पहिल्याच आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत एका बाईंनी त्यांना विचारलं होतं, "तुमच्याकडे संगीत कसं काय? शिकवलं कोणी?" त्या 'तुमच्याकडे'चा अर्थ खोलीतल्या सगळ्यांना कळला होता. गजभिये बाईंनाही कळला होता. त्या शांतपणे म्हणाल्या, "आधी मिलच्या भोंग्यानं. मग महाल भागातल्या एका म्हाताऱ्या गवयांनी." आणि डबा उघडला. डब्यात बहुतेक वेळा भाकर आणि भिवापुरी मिरचीचा लालभडक ठेचा असायचा. तिखटानं कान उघडतात असं त्यांचं म्हणणं होतं. ते खरं की खोटं मला माहीत नाही, पण त्यांच्यासोबत जेवून माझ्या डोळ्यांना मात्र पाणी यायचं.

शाळेची पेटी त्यांनी आल्या आल्या एकदा वाजवून पाहिली आणि झाकण लावून टाकलं. दिवाळीच्या सुट्टीत मी काही पेपर तपासायला शाळेत गेले, तर शिक्षकांच्या खोलीतल्या मोठ्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर पेटीची आतडी बाहेर काढून ठेवलेली. पितळेच्या बारीक बारीक पात्या. बाईंच्या हातात एक लहानशी कानस होती.

"काय करून राहिल्या हो?" मी विचारलं.

"सूर लावून राहिले. बसा ना."

त्यांनी मला समजावून सांगितलं. बाजारच्या पेटीत बारा सूर सारख्या अंतरावर बसवलेले असतात. त्यामुळे कोणत्याही पट्टीला सा मानून गाता येतं. पण त्यापायी सा सोडला तर प्रत्येक सूर आपल्या खऱ्या जागेवरून थोडा हललेला असतो. पंचम किंचित उतरलेला, गंधार चांगलाच चढा. तंबोऱ्याची तार छेडली की तिच्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो, तो पेटीत नसतोच. पाती टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. त्या एक पाती दोनदा घासायच्या, परत बसवायच्या, सा सोबत वाजवायच्या, पुन्हा काढायच्या.

"ऐका," त्या म्हणाल्या. "दोन सूर जुळत नसले की मधात लाट येते. वंव-वंव-वंव. जवळ आले की लाट हळू होते. जुळले की बंद."

मी कान दिला. लाट मला ऐकू आली. मग त्यांनी पातीवरून कानस एकदाच फिरवली आणि पुन्हा वाजवलं, तर लाट नव्हतीच. दोन सूर वाजत होते हे मला माहीत होतं, पण ऐकताना ते दोन वाटेनात. माझे वडील मागावर ताणा लावताना हाताच्या तळव्यानं सगळे धागे एकदा चाचपायचे, आणि एखादा सैल असला तर न पाहता तिथेच बोट ठेवायचे. लहानपणी मला ती जादू वाटायची. तसंच काहीतरी त्या दुपारी माझ्यासमोर होत होतं.

पेटी पुरी व्हायला त्यांना ती दिवाळीची सुट्टी लागली, आणि नंतरची उन्हाळ्याचीही. काळी चार ही पट्टी सा धरून त्यांनी ती लावली होती, कारण बहुतेक मुलींचा गळा तिथे बसतो. जूनमध्ये शाळा उघडली आणि प्रार्थना सुरू झाली, तेव्हा मैदानाच्या टोकाशी उभ्या असलेल्या आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, हातातली छडी खाली करून नुसत्या उभ्या राहिल्या. मुली त्याच होत्या, गाणं तेच होतं. फक्त कोणाचाही आवाज वेगळा काढून दाखवता येत नव्हता. फाटकाबाहेर सायकलवाले पाय टेकवून थांबायचे. हे मी वाढवून सांगत नाही, मी रोज पाहत होते.

त्या वर्षी स्नेहसंमेलनाला पाहुणे म्हणून एक मोठे गायक आले होते. नागपुरात त्यांची मैफल होती आणि आमच्या संस्थेच्या एका सभासदांचे ते स्नेही होते. प्रार्थना संपताच ते उठून थेट पेटीपाशी गेले, एक सूर दाबून उभे राहिले आणि म्हणाले, "पेटी हे वाद्य मी माझ्या मैफलीत घेत नाही. ही घेईन. कोणी लावली?"

बाई पुढे झाल्या. गायकांनी त्यांना नमस्कार केला. सगळ्या शाळेसमोर, दोन्ही हात जोडून. "जपा हिला," ते म्हणाले. "मी पुन्हा आलो की शिष्यांना घेऊन येतो, ऐकवायला."

त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत बाईंना चहा आधी मिळाला, आणि 'तुमच्याकडे' म्हणणाऱ्या त्या बाईंनीच तो पुढे केला. गजभिये बाईंनी कपावर टिचकी मारली आणि प्यायल्या.

पुढच्या वर्षी आठवीत शकुन नावाची मुलगी आली. कुहीकडच्या एका खेड्यातली, वडिलांची धानाची शेती. शिकायला म्हणून नागपुरात मावशीकडे राहिली होती. उंच, काळीसावळी, कोणाशी न बोलणारी. बोलली की वर्गात हसू फुटायचं, कारण तिचा आवाज मुलींमध्ये फारच खालचा होता. प्रार्थनेत ती शेवटच्या रांगेत उभी असायची.

एका सकाळी प्रार्थना चालू असताना गजभिये बाईंनी पेटी एका हातानं वाजवत ठेवली आणि मान तिरकी करून त्या रांगेकडे पाहत राहिल्या. नंतर शकुनला बोलावलं. मी शेजारीच वह्या लावत होते.

"शकुन, तू गाऊन नाही राहिली. नुसतं तोंड हलवून राहिली."

इतक्या मुलींमधून एक आवाज नाही, हे या बाईंना कसं कळलं असेल, याचंच मला नवल वाटत होतं. शकुन खाली पाहत होती.

"काहून गात नाहीस?"

"बाई, माया आवाज पेटीत बसत नाही."

बाईंनी पेटी थोडी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "पेटी राहू दे. तुले जसं येते तसं म्हण."

शकुननं रोवणीच्या वेळी, म्हणजे धानाची रोपं लावताना, बाया म्हणतात तसलं काहीतरी म्हटलं. आधी दबून, मग मोकळं. मला गाण्यातलं कळत नाही. पण विहिरीत वाकून कोणी हाक मारली की जसा आवाज भरून वर येतो, तसा तो होता. बाईंनी पेटीवर तिचा सा शोधला. बराच खाली, पांढरी चार. तिथून सूर धरला आणि तिला पुन्हा म्हणायला सांगितलं. आता मात्र ते बिघडलं. काळी चारसाठी लावलेल्या पेटीत पांढरी चारपासूनचा गंधार भलताच चढा लागत होता, आणि पोरीचा कान इतका साफ की ती पेटीच्या मागे मागे तिथेच जात होती. बाईंनी भात्यावर हात ठेवून तो बंद केला.

"तुझं नाही चुकलं," त्या म्हणाल्या. "जा वर्गात."

त्यानंतर काही दिवस त्या डबा अर्धाच खायच्या. मी म्हटलं, "हिला तंबोऱ्यावर गाऊ द्या ना."

"घरी शिकवीनच तंबोऱ्यावर. पण रोजची प्रार्थना पेटीवर आहे, पराते बाई. रोज सकाळी त्या पोरीनं तोंड मिटून उभं राहाचं का?"

मी फळ्यावर त्यांना माझ्या परीनं गणित मांडून दाखवलं. शुद्ध गंधार म्हणजे पाचास चार हे प्रमाण. असे तीन गंधार एकावर एक रचले तर वरच्या सा पर्यंत पोचायला हवं, पण पोचत नाही. थोडं कमीच पडतं, आणि कितीही हुशारी केली तरी पडणारच. सगळेच सूर सगळ्यांसाठी खरे, अशी पेटी बनूच शकत नाही. त्यांनी खडूनं लिहिलेले आकडे नीट वाचले आणि म्हणाल्या, "म्हणजे माया हात कमी नाही पडला. बरं झालं सांगितलं."

सदरमध्ये पिंटो नावाचे एक वृद्ध गृहस्थ राहत. रेल्वेत गार्ड होते, निवृत्तीनंतर चर्चचा आणि काही बंगल्यांतला पियानो लावून द्यायचे. एका रविवारी आम्ही दोघी सायकलींवर त्यांच्याकडे गेलो. बाईंनी हिंदीत विचारलं, की बारा सूर सारखे लावताना तुम्ही कानानं कसे लावता. प्रश्न ऐकून म्हातारा खूश झाला. त्यानं पियानोचं झाकण काढलं, किल्लीनं तारा पिळून आधी काही सूर बाईंना हवे तसे शुद्ध लावले. बाईंचा चेहरा उजळला. मग त्यानं दुसऱ्याच पट्टीवर हात ठेवून तीन सूर एकदम दाबले आणि खोलीत काहीतरी विव्हळल्यासारखं झालं. बाईंनी डोळे मिटून घेतले.

"इसको हम लोग भेड़िया बोलता," पिंटो म्हणाले. "एक घर में सब सच्चा रखो, तो दूसरे घर में भेड़िया रोता है. इसलिए थोड़ा-थोड़ा सबको सहना पड़ता, बाई. फिर कोई नहीं रोता."

मग त्यांनी दाखवलं. पंचम आधी पुरता जुळवायचा आणि तिथून एवढासा मागे घ्यायचा, इतका की लाट यावी पण अगदी सावकाश. बाई दुपारभर तिथे उभ्या होत्या. पिंटोंनी खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. परत येताना सीताबर्डीच्या चढावर आम्ही सायकली हातात धरून चालत होतो, तेव्हा त्या पहिल्यांदा बोलल्या. "मी त्याले खोटा सूर म्हणत होती इतकी वर्षं. खोटा नाही वं कुसुम. सगळ्यांनी वाटून घेतलेलं दुखणं आहे ते." त्यांनी मला नावानं हाक मारली तीही पहिल्यांदाच.

दिवाळीच्या सुट्टीत टेबलावर पुन्हा वर्तमानपत्र पसरलं. मी मुद्दाम गेले होते. घासलेलं पितळ परत येत नाही. मुळाशी घासून उतरवलेला तो गंधार आता टोकाशी घासून चढवायचा होता, आणि पाती आणखी पातळ व्हायची होती. पहिली पाती हातात घेऊन त्या बराच वेळ बसल्या. मला वाटलं, आता ठेवतील खाली. त्यांनी ती पाती परत बसवून तो सा आणि तो गंधार एकदा सोबत वाजवला, पूर्ण भाता रिकामा होईपर्यंत. मग पाती काढली आणि कानस चालवली. ज्या कानाला एवढंसं कमीजास्त सोसत नव्हतं, तोच कान आता प्रत्येक सुरात मोजून मापून उणेपणा भरत होता, आणि तेही पहिल्याइतक्याच काळजीनं. मी पुष्कळ हुशार माणसं पाहिली आहेत. आपल्या हातची उत्तम गोष्ट अशी शांतपणे मोडणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

सुट्टीनंतर आमच्या शाळेची प्रार्थना रोज वेगळ्या पट्टीत होऊ लागली. आज काळी चार, उद्या पांढरी चार, परवा मधलीच कुठलीतरी. उंच आवाजाच्या मुली खालच्या दिवशी कुरकुरायच्या. मोठ्या बाईंनी विचारलं, "आज प्रार्थना इतकी खाली का?"

"आज खालच्या आवाजवाल्यांचा दिवस आहे, बाई," गजभिये बाई म्हणाल्या.

मोठ्या बाई आपल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. खालच्या दिवशी शेवटच्या रांगेतून तो विहिरीसारखा आवाज यायचा आणि हळूहळू पुढच्या रांगांमधलं हसणं बंद झालं.

ते गायक पुन्हा आले ते याच सुमारास. खरोखरच दोन शिष्यांना सोबत घेऊन आले. पेटीपुढे बसले, काळी चारपासून सा धरला, गंधार दाबला आणि हात उचलून घेतला.

"हे काय केलंत?"

"पेटी सगळ्या पट्ट्यांची केली," बाई म्हणाल्या. "एका मुलीचा आवाज बसत नव्हता."

"एका मुलीसाठी तो सूर मोडलात?"

"शाळेची पेटी आहे, गुरुजी. ती मुलगी शाळेची आहे."

गायक रागावले होते, आणि त्यांचा राग मला समजत होता. थोड्या वेळानं ते म्हणाले, "बोलवा तिला." शकुन आली. पेटीसोबत पांढरी चारमध्ये गायली. त्यांनी डोळे मिटून पुरतं ऐकलं. मग शिष्यांकडे नाही, बाईंकडे पाहून म्हणाले, "आवाज देवाघरचा आहे. गंधार चढा लागतोय."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "रविवारी घरी तंबोऱ्यावर उतरवून घेते."

गायकांनी मान हलवली. पटलं म्हणून हलवली की नाही, मला सांगता येणार नाही. जाताना मात्र पुन्हा नमस्कार करून गेले.

शकुन मॅट्रिक होईपर्यंत दर रविवारी बाईंच्या घरी जात होती. पुढे ती भिवापूरला शिक्षिका झाली. रेडिओवर वगैरे गेली नाही. पण तिकडच्या वस्त्यांत चौदा एप्रिलच्या जयंतीला ती गायला उभी राहिली की पेटीवाला आधी तिला सा विचारतो, असं बाई मला एकदा सांगत होत्या. सांगताना त्यांच्या आवाजात जो अभिमान होता, तो मी त्या पहिल्या नमस्काराच्या दिवशीही ऐकला नव्हता.

आम्ही दोघीही निवृत्त झालो. बाईंनी लग्न केलं नव्हतं. भावाच्या घरी राहायच्या. डावा कान जवळजवळ गेला होता. त्याबद्दल त्या फक्त एवढंच म्हणायच्या, "उजव्याले आता डबल ड्यूटी." ऐंशीचं दशक संपत आलं होतं. त्यांचा भाचा अशोक आधी हिंगण्याच्या कारखान्यात होता, मग आखातात गेला. तो सुट्टीवर येताना आत्यासाठी एक जपानी पियानो घेऊन आला. विजेवर चालणारा, तारा नाहीत, पात्या नाहीत. मला बाईंचा निरोप आला, इंग्रजी वाचायला ये म्हणून.

मी पोचले तेव्हा त्या त्याच्यापुढे बसल्या होत्या. "गंधार चढा आहे," त्या म्हणाल्या.

"आत्या, मशीन आहे हे. मशीन चुकत नाही," अशोक म्हणाला.

"चुकलं कोण म्हणते गा? बाराही सारखे लावले आहेत. पिंटो साहेबांसारखे."

सोबतच्या पुस्तकात शेवटाशेवटाला एक पान होतं. मी ते दोनदा वाचलं, कारण माझाच विश्वास बसेना. त्या यंत्रात सूर लावायच्या वेगवेगळ्या रीती भरलेल्या होत्या. शिवाय प्रत्येक सूर हवा तेवढा चढवता उतरवता येत होता, नुसती बटणं दाबून. मी वाचत गेले, अशोक बटणं दाबत गेला आणि बाई उजवा कान स्पीकरच्या जाळीशी लावून "अजून, अजून, बस" म्हणत गेल्या. लाट मंद झाली आणि थांबली. कानस नाही, पितळ नाही. मग मी पुढची ओळ वाचली. कोणत्या पट्टीला सा मानायचं, तेही ठरवता येत होतं. एक बटण दाबलं की सगळे शुद्ध सूर त्या सा मागे सरकत होते.

अशोकनं काळी चारवरून सा पांढरी चारवर नेला. बाईंनी गंधार दाबला. अगदी शुद्ध. बाई तीच पट्टी दाबून बसून राहिल्या. मला पितळेच्या त्या पात्या आठवल्या आणि राहवलं नाही. मी म्हटलं, "उगाच मोडली का हो तेव्हा ती पेटी?"

"काहून?" त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "तेव्हा हे होतं कुठं? पोरगी तं होती."

संध्याकाळ होत आली होती. त्या वाजवत असतानाच लाईट गेली. अशोकनं लावलेला पंखा थांबला, पियानोही मधल्याच सुरावर मुका झाला. थोड्या वेळानं लाईट आली, बाईंनी सा आणि गंधार दाबला, तर लाट पुन्हा होती. यंत्र लावलेलं सगळं विसरलं होतं. मी पुस्तक चाळलं. वीज गेली की तसंच होणार, असं त्यात लिहिलं होतं. अशोकचं तोंड उतरलं. इतक्या लांबून आणलेली वस्तू, आणि नागपूरची वीज.

"जाऊ दे ना," बाई म्हणाल्या. "तंबोरा काय कालचा आज लागलेला राहते? रोजच लावा लागते. सरक गा थोडा, मले शिकव ती बटणं."

मी निघाले. त्यानंतर मी मुलाकडे पुण्याला गेले, आणि पुढच्या हिवाळ्यात बाई गेल्याचं मला तिथे कळलं. त्या संध्याकाळी मात्र मी दारात चपला घालत होते आणि सहज मागे वळून पाहिलं. त्यांनी पंखा बंद करायला लावला होता. कपाळावर घाम होता. चष्मा काढून बाजूला ठेवला होता, उजवा कान जाळीला टेकला होता, डाव्या हाताचं एक बोट सा वर, दुसरं पंचमावर आणि उजव्या हाताचं बटणावर. मी एका हातात चप्पल घेऊन तशीच उभी राहिले. आधी पंचम लागला. त्यांनी मान वर केली नाही. तशाच वाकून त्या गंधार शोधू लागल्या.